धम्मदीप भाऊजींचं कुलूप

धम्मदीप भाऊजी माझे धाकटे दीर. अमरावतीला आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत बसून ते कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. कापसाची गाडी वजनकाट्यावर आली की भरलेलं वजन, ती रिकामी झाली की रिकामं वजन, आणि शेतकऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी. एवढंच काम, पण चोख. एकोणीस जिनिंगमध्ये ते चालतं. पहिलं गिऱ्हाईक अकोटचे खुशालराव. बाकी बरेचसे त्यांनीच जोडून दिलेले.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझे मामा, जानराव, अंजनगाव सुर्जीला कापूस देऊन परत जाताना आमच्याकडे थांबले. चष्मा काढताना खिशातून चिठ्ठी पडली. तळाशी ओळ होती : ‘गाडी रिकामी करून पुन्हा काट्यावर आणल्याशिवाय जाऊ नये, ही विनंती.’ ही ओळ मीच भाऊजींना लिहून दिलेली. आणि अंजनगावात त्यांचं एकही गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे कोणीतरी प्रोग्रामची नक्कल तिथं पोचवली होती.

त्या दिवसापासून भाऊजींचं जेवणात लक्ष राहिलं नाही. कोणाचा फोन आला की आधी त्याच्या आवाजाचा अंदाज घेत. नेहमीच्या गिऱ्हाइकाने साधं विचारलं, की प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकता येईल का, तरी फोन ठेवून म्हणत, “हाच असंल, वहिनी.” एकोणीस नावं त्यांनी कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढलं. खुशालरावांपुढेही.

मग कुलूप शोधणं सुरू झालं. एक प्रकार पेनड्राइव्हसारखा. तो लावलेला असेल तरच प्रोग्राम चालतो. पण काट्यावरची माणसं मोबाईल चार्ज करायला तो उपटणार आणि कापसाच्या ढिगात हरवणार, हे त्यांनाही कळत होतं. दुसरा प्रकार इंटरनेटवरून रोज परवानगी घेण्याचा. जिनिंग गावाबाहेर, तिथं नेटचा भरवसा नाही. शेवटी तिसरा निवडला. प्रोग्राम वर्षभर चालेल, पुढच्या वर्षाचा नंबर भाऊजींकडून घ्यायचा. यापुढे चोरलेली प्रत अशी आपोआप बंद पडेल. आणि कोणी कॉम्प्युटरची तारीख मागं नेऊन वर्ष लांबवायला गेलं, तर प्रोग्राम कडीकुलपात. स्वतः भाऊजी तिथं पोचल्याशिवाय उघडणार नाही.

मी विचारलं, “एखादा सरळ माणूसच अडकला तर?”

“सरळ माणूस तारखेले हात कावून लावंल, वहिनी?”

नवं कुलूप मे महिन्यात, जिनिंग बंद व्हायच्या आत, सगळीकडे बसलं.

दिवाळीनंतर खुशालरावांच्या जिनिंगच्या नव्या हंगामाचा मुहूर्त होता. सकाळीच फोन आला : पडद्यावर लाल अक्षरं, प्रोग्राम उघडत नाही. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सहा महिने लावलेल्या सापळ्यात काहीतरी अडकलं. आवाज चढवला नाही त्यांनी. फक्त म्हणाले, “खुशालराव, तारीख मांगं कोणं नेली, ते सांगा पयले.”

खुशालराव म्हणाले, “तुमी मले चोर म्हणून राहिले काय, धम्मदीपभाऊ?” आणि फोन ठेवला.

माझं माहेर अकोटचं. आईला पाहायला जायचंच होतं, म्हणून मीही एस.टी.त बसले. चोर पकडल्याचा आनंद म्हणावा, तर तो भाऊजींच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता.

जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. खुशालराव हाताने चिठ्ठ्या लिहायला तयार होते, शेतकरी घ्यायला तयार नव्हते. चिठ्ठी छापायची मशीन नेमकी आजच कशी बंद पडली, असं एकजण मोठ्यानं विचारत होता. दोन गाड्या दुसऱ्या जिनिंगकडे वळल्या. वीस वर्षांत ज्याच्या वजनावर कोणी बोट ठेवलं नाही, तो माणूस आपल्याच फाटकात मान खाली घालून उभा होता.

भाऊजींनी कॉम्प्युटर उघडला. तारीख होती १ जानेवारी २०१२. त्यांनी खुर्ची मागं सरकवली आणि विचारलं, हा शेवटचा कधी चालू केला होता. खुशालराव म्हणाले, मे महिन्यात चादरीनं झाकून ठेवला, तो आजच काढला. पावसाळ्यात जिनिंगमध्ये कोण असतं?

आतली बटणाएवढी बॅटरी मेली होती. जिनिंगचे कॉम्प्युटर अर्धं वर्ष बंद असतात. बॅटरी संपली की घड्याळ आपोआप जुन्या सालात जातं. एकोणीस जिनिंग फिरलेल्या माणसाला हे सुचलं नाही, कारण डोळ्यांपुढे फक्त चोर होता.

बॅटरी बदलली, कुलूप उघडलं, पहिली गाडी काट्यावर चढली. तेव्हा खुशालराव म्हणाले, “अंजनगावचं म्हणत असान, तर ते मीच देल्लं. जावयाचं जिनिंग हाये थे. इरजन मांगाले आलेल्याले कोणी नाही म्हणते काय? देल्ल्यानं आपलं दही कमी होते काय?”

भाऊजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “मले विचारलं असतं, तर मी होच म्हटलं असतं.”

“अन् तुमी मले विचारलं असतं, तर मी सांगतलंच असतं.”

घरी आल्यावर भाऊजींनी तारखेचं कुलूप सगळीकडून काढलं. आता ज्या जिनिंगला प्रोग्राम विकला, त्याचंच नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत येतं आणि ते कोणाला बदलता येत नाही. दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी कोणता शेतकरी घेईल? जावयानेही रीतसर प्रोग्राम घेतला.

खुशालराव मात्र बदलले. यंदा मुहूर्ताच्या आठ दिवस आधी त्यांचा निरोप आला : पहिल्या गाडीचं वजन धम्मदीपभाऊ समोर बसल्याशिवाय होणार नाही, पुन्हा कोणी बोट ठेवायला नको. भाऊजींनी टाळायला कुठलंही कारण सांगितलं नाही. पहाटे डबा घेतला आणि अकोटच्या एस.टी.त जाऊन बसले.