वरच्या मजल्याचं पाणी

नववीच्या वर्गाला मी दर वर्षी दुष्फेन, म्हणजे जड, पाणी शिकवतो. बोअरिंगच्या पाण्यात क्षार असतात, पाणी वाळून जातं, क्षार मागे राहतात. फळ्यावर आकृती काढतो, बाणबिण दाखवतो. आणि एवढं शिकवणाऱ्या माणसाने काळी गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी भर उन्हात बोअरिंगचा पाइप लावून ती मनसोक्त धुतली. दुपारपर्यंत तिच्या अंगावर देवी आल्यासारखे पांढरे ठिपके उठले. मी लिंबू चोळलं. ठिपके राहिलेच, वर लिंबाच्या चार बिया चिकटल्या.

बायकोने हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि नियम घालून दिला. मे महिन्यात पोलादपूरला आमच्या आळीत नळाला दिवसाआड पाणी येतं. त्यातला थेंबही गाडीला मिळणार नाही. बोअरिंगचं वापरायचं तर एक बादली, आणि ठिपके तुमचे तुम्ही मोजा.

आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो. वर घरमालक, निवृत्त तलाठी, मूळचे जवळच्याच कापडे गावचे. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकी गेल्यापासून ते एकटेच. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर मुलाने त्यांच्या खोलीत एसी बसवून दिला होता. त्याची नळी मागच्या खिडकीखालून बाहेर येते आणि बरोबर तिथेच मी गाडी लावतो. मे उजाडला तसा तो मुलगा मुंबईहून आला आणि काकांना घेऊन गेला. कायमचं. घर विकायचं त्याच्या मनात होतं. मागचा गोल जिना वापरात नव्हता. पुढच्या जिन्याच्या दाराला त्याने कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि बाजूला घेऊन सांगितलं, "सर, बाबा कधी इकडे आले तर लगेच मला फोन करा. एकटे राहिले तर एक दिवस असेच जातील, कुणाला कळणारही नाही."

मी वचन दिलं. माझ्या पोटात काही राहत नाही ही ख्याती त्याच्यापर्यंत पोचलेली असावी.

गाडीत बसताना काकांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता. "मी परत येणार, मास्तर," ते म्हणाले. "जिता असो नायतर नसो. घर माझं हाय."

आठवड्याने बायको लेकीला घेऊन महाडला माहेरी गेली. शाळेला सुट्टी. घरात मी, पंखा आणि खुंटीवरची ती किल्ली.

दोन-तीन दिवसांतच एका दुपारी मला आवाज आला. टप. मग बराच वेळ काही नाही. मग परत टप. मागे जाऊन बघितलं तर एसीच्या नळीच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. खाली मातीत वाटीएवढा ओला खड्डा पडला होता. मी वर पाहिलं नाही. खाली पाहिलं. कारण त्या क्षणी माझ्यातला विज्ञान शिक्षक जागा झाला होता. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार नाहीत, म्हणजे डाग नाहीत, म्हणजे आपली गाडी! एसी चालू असल्याशिवाय हे पाणी येत नाही, हेही मी शिकवतो. पण ते वाक्य आकृतीच्या खाली बारीक अक्षरात असतं.

मी खड्ड्यावर बादली ठेवली. एक ते पाच ती भरत राहायची, पाचला आवाज थांबायचा. कोकणातल्या मे महिन्याची हवा एवढी ओली की अर्धी बादली रोज मिळे. पाणी इतकं नितळ की बादली रिकामी वाटायची. बोट बुडवलं की मगच कळायचं, आणि दचकायला व्हायचं.

रीतही मी बसवली. घराची सावली गाडीवर पडली की सुरुवात. आधी अर्धा तांब्या टपावरून हलकेच सोडायचा, म्हणजे हायवेच्या कामाची धूळ मऊ पडते आणि रंगावर ओरखडे उठत नाहीत. मग एक मऊ फडकं भिजवून पिळायचं, वरून खाली, एका सरळ रेघेत. एक दार झालं की दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपायचं. थेंबाला स्वतःहून वाळायची संधी द्यायची नाही. चाकं सगळ्यात शेवटी. दोन तांबे संपायच्या आत गाडी अशी झाली की तिच्यात मला माझं टक्कल दिसायला लागलं. रिकाम्या घरात एसी कसा चालतो, याचं उत्तरही माझ्याकडे होतं. मुलगा बंद करायला विसरला, आणि आमच्याकडे वीज जाते-येते, म्हणून तो मधूनमधून थांबतो. वीज बरोबर एकला येऊन पाचला जात नाही, हे मला सुचलं नाही. वरून कधी पाटावर लोटी ठेवल्यासारखा आवाज यायचा. उंदीर. एकदा संडासाच्या नळीतून खळखळ पाणी गेलं. तेही उंदीर.

माझ्यासाठी गावातले उंदीर बरेच पुढारलेले होते.

मग तो दिवस आला. मी बॉनेट टिपून मागे सरलो. काळ्या आरशात आभाळ होतं, आंब्याची फांदी होती, आणि वरच्या मजल्याची खिडकी होती. पडदा एका बाजूला सरकलेला. त्या फटीत एक पांढरा चेहरा माझ्याकडे बघत होता. गाल आत गेलेले, तोंडाचं बोळकं झालेलं. मी मान वर केली. पडदा जागच्या जागी. परत बॉनेटकडे पाहिलं. तिथेही पडदा जागच्या जागी होता, फक्त त्याची कड हलत होती.

मी पुढे जाऊन जिन्याचं दार बघितलं. कुलूप तसंच. कुलपापासून कडीपर्यंत कोळ्याने एक धागा ओढला होता, तोही अखंड.

त्या संध्याकाळी मला एकच गोष्ट पटली. काका मुंबईत गेले, आणि बोलल्याप्रमाणे परत आले. मुलाला फोन करून विचारायला हवं होतं. पण काय विचारायचं, तुमचे वडील आहेत का? आणि तो नाही म्हणाला, तर रात्र कुठे काढायची? फोन हातात घेऊन मी दोनदा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ आणला, हळदकुंकू वाहिलं आणि जिन्याच्या बंद दाराशी ठेवून हात जोडले. म्हटलं, काका, घर तुमचंच आहे. मी नुसता तुमचं पाणी घेतो.

बादली मात्र काढली नाही. भीती आपल्या जागी, बॉनेट आपल्या जागी.

दोन दिवसांनी सकाळी उठून मागे गेलो तर बादली काठोकाठ भरून वाहत होती. टप टप टप, थांबायचं नाव नाही. म्हणजे रात्रभर चालू होतं. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. दुसरी बादली लावली. गाडी धुतली, पायपुसणी धुतली, डिकीतला जॅकसुद्धा धुतला. आणि मग वरून आवाज आला. टक. टक. टक. धातूवर धातू. थोडं थांबून परत तीनदा.

मी बादली दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र मोठ्याने म्हणायला लागलो. टकटक वाढली तसा मी आवाज वाढवला. शेवटी टकटक थांबली. मी घामाने भिजून खाली बसलो. पहिल्यांदाच आपल्या भक्तीचा असा चटकन परिणाम बघायला मिळाला होता.

संध्याकाळी टकटक परत आली, पण हळू. मी परत स्तोत्र म्हटलं. रात्री पाणी पडतच होतं. दुसऱ्या दिवशी दोनदाच टकटक झाली, आणि दुपारनंतर नाही. पाणी मात्र पडतच होतं.

चार वाजता बायकोचा फोन आला. भीतीचं तिला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी गाडीचं सांगितलं. नळाचा थेंब नाही, बोअरिंगचा थेंब नाही, दोन तांब्यांत गाडी आणि एक डाग दाखव. तिने विचारलं, मग पाणी आणता कुठून? मी म्हटलं, वरच्या एसीचं. कालपासून तर रात्रंदिवस येतंय, दोन-दोन बादल्या.

मग तिचा आवाज अगदी हळू आला.

"अहो, काका परत आलेत. वर जा."

मी खुंटीवरची किल्ली काढली. इतके दिवस ती माझ्या डोक्याच्या उंचीवर लटकत होती. कुलूप काढताना कोळ्याचा धागा तुटला. जिना चढताना पायांना आधी गारवा लागला, मग गुडघ्यांना. आतलं दार ढकललं तर सगळं अंधारं आणि थंडगार, श्रावणातल्या पहाटेपेक्षा थंड. कोपऱ्यात एसीचा हिरवा दिवा. कॉटवर दोन गोधड्यांच्या खाली काहीतरी लांबट पडलेलं. त्याच्या उशाशी स्टीलचा तांब्या, आणि त्याच्याखाली कॉटची लोखंडी दांडी खरवडलेली.

मी दारातच उभा राहिलो. जवळ जाऊन बघायचं धाडस होईना. जोवर बघत नाही तोवर ते जिवंत होते.

"मास्तर," गोधडी म्हणाली. "तिसऱ्या ओळीत चुकता तुम्ही. दर खेपेला चुकता."

पुढचं मला नीट आठवत नाही. पाणी पाजलं, ते आठवतं. तांब्यात तळाशी दोन घोट उरले होते, ते त्यांनी दोन दिवस पुरवले होते. खाली मी जॅक धुतला होता.

हळूहळू त्यांच्याकडून कळलं. मुलाला सांगितलं कापड्याला बहिणीकडे जातो. बहिणीला काहीच सांगितलं नाही. पहाटेच्या एसटीने उतरले आणि मागच्या गोल जिन्याने, आपल्या किल्लीने आत आले. बरोबर तांदूळ, पोहे आणले होते. मी मुलाला फोन करीन म्हणून दिवा लावायचा नाही, चप्पल घालायची नाही, फक्त दुपारच्या उकाड्यात एसी. परवा संध्याकाळीही उकाडा हटेना म्हणून एसी लावून मोरीत गेले आणि पाय सटकला. सरपटत कॉटपर्यंत आले. रिमोट हातातून सुटून कॉटखाली गेला, फोन स्वयंपाकघरात राहिला. मुलाला वाटलं कापड्याला रेंज नसते.

"हाक नाही मारलीत?" मी विचारलं.

"मारली की. तुम्ही देवाचं म्हणत होता." त्यांनी डोळे मिटले. "खिडकीतनं बघायचो तुम्हाला. गाडी लय बारकाईनं पुसता. वर काय बघत नाय."

मग त्यांनी नारळाची चौकशी केली. तो ठेवताना त्यांनी पुढच्या खिडकीतून पाहिलं होतं. "मी अजून गेलो नाय," ते म्हणाले.

त्यांना मागच्या सीटवर आडवं करून महाडच्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत त्यांनी एकच मागितलं, मुलाला सांगू नका. मी हो म्हटलं. हॉस्पिटलात कळलं की मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन, घरच्यांची सही. मी बाहेर येऊन फोन केला. मुलगा रात्रीच निघाला. मला जे बोलला ते बरोबरच बोलला. काका मात्र माझ्याकडे बघेनात. दहा दिवसांनी त्यांना मुंबईला नेलं तेव्हाही बघितलं नाही.

पावसाळाभर नळी कोरडी होती. मी बादली तशीच ठेवली. तिच्यात पागोळ्यांचं पाणी साचलं तरी मी गाडीला हात लावला नाही.

नवरात्राच्या आधी मुलगाच त्यांना घेऊन आला. मुंबईत जेवत नव्हते, बोलत नव्हते, खिडकीशी बसून राहायचे. घर विकायचं त्याने थांबवलं होतं. वॉकर होता, कामाला एक बाई ठरवली होती, आणि एक अट माझ्यासाठी होती. रोज सकाळी वर जाऊन बघायचं. काकांनी ती दारातच मोडून काढली.

"रोज दार वाजवायचं नाय," ते मला म्हणाले. "मेलाय का बघायला आल्यासारखं वाटतं. सकाळी सातला मी खिडकीतनं तांब्याभर पाणी सोडीन तुमच्या बादलीत. पडलं तर हाय मी. नाय पडलं तर या."

ते पाणी बोअरिंगचं. आणि काकांचा नेम पहिल्यापासून वाईट. निम्मा तांब्या बादलीत, निम्मा बॉनेटवर. उन्हं आली की वाळतो. काळ्या बॉनेटवर आता पांढऱ्याची झाक आहे. शाळेतले सहकारी व्हिनेगर सुचवतात, बायकोने फडकं काढून दिलंय. मी दारं पुसतो, टप पुसतो. बॉनेट राहू देतो.

काल नदीवरचं धुकं आळीपर्यंत आलं होतं. सात वाजले. सव्वासात झाले. बादली कोरडी. सवयीने मी बॉनेटमध्ये खिडकी शोधली, पण ठिपक्यांत काहीच दिसेना. मग मान वर केली. धुक्यात नुसता पडदा. किल्ली माझ्या खिशात होती, ती आता तिथेच असते. मी जिन्याकडे वळलो, आणि थंडगार पाणी माझ्या मानेवर, कॉलरच्या आत पडलं.

"उशीर झाला," वरून आवाज आला. "चष्मा मिळत नव्हता."