पाच दिवसांची मालकी

मुंबईत बँकेच्या नोकरीत अकरा वर्षं काढली की माणसाला दोन सवयी हमखास लागतात. एक, चहा उभ्याउभ्या संपवायचा. दुसरी, गिऱ्हाईक समोर बसलंय तोवर सगळ्या फॉर्मांवर त्याच्या सह्या घेऊन ठेवायच्या. पेन्सिलीनं फुल्या मारून द्यायच्या आणि म्हणायचं, "साहेब, फुली दिसेल तिथं सही करत चला, तारखा आम्ही घालू." यात कुणाला फसवायचा हेतू नसतो. गिऱ्हाइकाचा हेलपाटा वाचतो, आपलंही काम उरकतं, आणि वर गिऱ्हाईकच आभार मानून जातं. पहिली सवय ओसाकाला आल्यावर सुटली. दुसरीनं मात्र एका भल्या माणसाचं पद घालवलं, आणि ती सवय माझी होती.

नवऱ्याची बदली झाली म्हणून मी इथं आले. चार वर्षं घरी बसून कचऱ्याचं वर्गीकरण आणि लेकीच्या शाळेतल्या चिठ्ठ्या वाचणं यात मी पारंगत झाले. लेक मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायला लागली. मग एका लीजिंग कंपनीत वर्षाच्या करारावर नोकरी मिळाली. त्या कंपनीचा एक छोटा विभाग मुस्लिम देशांतल्या विकासकामांना भांडवल पुरवत असे. तिथल्या एका मोठ्या इस्लामी विकास बँकेबरोबर भागीदारीत ही कामं चालत. इंग्रजी येणारं, बँकेतलं आणि कमी पगारात राबायला तयार असं माणूस त्यांना हवं होतं. मी तिन्ही अटींत बसत होते. पहिल्या वर्षाचं काम नीट झालं तर कायम करू, असं विभागप्रमुखांनी सांगितलं होतं, आणि ते 'कायम' मला फार हवं होतं. खोटं कशाला बोलू, पैशांपेक्षा जास्त मानासाठी हवं होतं.

काम समजायला सोपं होतं. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध. त्यामुळे कुणाला यंत्र हवं असेल तर त्याला पैसे उसने द्यायचे नाहीत. यंत्र आपण विकत घ्यायचं, आपल्या ताब्यात आणायचं, आणि मग थोडा नफा लावून त्याला हप्त्यांवर विकायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हे तर व्याजाचं नव्यानं बारसं केलंय. हिशेब लावून पाहा, आकडा तोच येतो.

हे मी चाचांना बोलूनही दाखवलं होतं. चाचा म्हणजे आमच्या विभागाचे धार्मिक सल्लागार. प्रत्येक व्यवहार शरियतच्या नियमांत बसतो असा दाखला त्यांनी दिल्याशिवाय आमचा एकही कागद पुढं सरकत नसे. ऑफिसात सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. सत्तरीचे, पांढरी दाढी, शेजारच्या कोबे शहरात चढावर किराणामालाचं छोटं दुकान. पहिल्या भेटीत त्यांनी माझं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, आडनाव वाचलं आणि चक्क मराठीत विचारलं, "कुठल्या तुम्ही?" त्यांचे वडील रत्नागिरीकडचे, जहाजावरच्या नोकरीतून कोबेला उतरले आणि इथलेच झाले. घरात कोकणी मुसलमानांची बोली टिकून राहिली होती. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि मी त्यांना चाचा म्हणायला लागले.

माझं बारशाचं बोलणं ऐकून ते रागावले नाहीत. "आकडा तोच येतो, खरं आहे तुझं," ते म्हणाले. "पण आकडा बघू नको, मधले दिवस बघ. माल घेतला आणि अजून विकला नाही, त्या दिवसांत तो बुडाला तर कोणाचा बुडाला?"

"घेणाऱ्याचा. म्हणजे आमचा."

"मग? त्या धोक्याचा नफा हलाल आहे. सावकाराला धोका कुठला? म्हणून आधी मालक व्हायचं, मग विकायचं. नाहीतर बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! हे तुमच्या लोकांनीच सांगून ठेवलंय ना गो?"

मी हसले, पण ती गोष्ट मनात राहिली. मुंबईत असताना आमच्या एका कर्जदाराचं दुकान जळालं होतं. तो समोर येऊन बसला तेव्हा त्याच्या शर्टाला अजून धुराचा वास येत होता, आणि मी त्याला अगदी गोड आवाजात सांगितलं होतं की हप्ता सात तारखेलाच आहे. नियमानं माझं काही चुकलं नव्हतं. तरी कधी कधी मला त्याचा चेहरा आठवतो आणि लाज वाटते.

तर त्या वर्षीचं माझं मोठं काम म्हणजे बर्फ बनवायची चार यंत्रं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका मुस्लिम देशातल्या मासेविक्या बायकांनी सहकारी संस्था काढली होती. बर्फ नसल्यामुळे दुपारपर्यंत मासळी मिळेल त्या भावात काढावी लागे. यंत्रं आली की त्या माल दोन दिवस राखून शहरात पाठवू शकणार होत्या. यंत्रं ओसाकाजवळच्या एका कारखान्यात बनत होती. आम्ही ती घेऊन बंदरावरच्या गोदामात आणायची, आणि मग संस्थेला विकून जहाजावर चढवायची.

संस्थेच्या सचिवबाईंना मी सगळे कागद एकदम पाठवले. फुल्या मारून. त्यांनी बिचाऱ्यांनी फुली दिसेल तिथं सह्या केल्या आणि तारखेच्या जागा कोऱ्या ठेवून परत पाठवल्या. कारखान्यानं सांगितलं, सोमवारी यंत्रं देतो. मी आमच्या खरेदीवर आणि संस्थेला केलेल्या विक्रीवर, दोन्हीकडे सोमवार घातला. जपान्यांना सगळं आधी तयार असलेलं आवडतं. विभागप्रमुखांनी माझी फाइल पाहिली, कौतुकानं मान डोलावली आणि शिक्का उमटवला.

सोमवारी कारखान्याचा फोन आला. एका सुट्या भागासाठी काम अडलंय, यंत्रं गुरुवारी मिळतील, मनापासून क्षमस्व. आता खरं तर विक्रीचे कागद नव्यानं करायला हवे होते. पण त्यासाठी कुरिअर आफ्रिकेला जाऊन परत यायला दोन आठवडे, तोवर जहाज गेलेलं. मी म्हटलं, तीन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे! बुधवारी चाचा दाखल्यावर सही करायला ऑफिसात आले. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि नेहमीसारखं विचारलं, "आधी ताब्यात आलं, मग विकलं ना?"

"हो चाचा," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

गुरुवारी यंत्रं गोदामात आली. पुढच्या मंगळवारी चक्रीवादळ आलं. ओसाकाला वादळं नवी नाहीत, पण त्या वेळी समुद्रच बंदरावर चढला. गोदामात कमरेइतकं खारं पाणी होतं. चारही यंत्रांत पाणी शिरून ती निकामी झाली. विमा जहाजावर माल चढल्यापासूनचा होता.

विभागप्रमुखांनी फाइल उघडली. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. शिक्क्यांची डबी समोर ठेवून ते बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, "विक्री सोमवारची आहे. म्हणजे वादळाच्या वेळी यंत्रं संस्थेच्या मालकीची होती. फार वाईट झालं त्यांचं. आपण हप्त्यांना थोडी मुदत देऊ." आणि तसं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

ते पत्र मी दोन दिवस लिहीत होते. तीन वाक्यांचं पत्र. मी हे वाक्य आयुष्यात एकदा बोलून चुकले होते, हप्ता सात तारखेलाच आहे. फरक एवढाच की तेव्हा नियम माझ्या बाजूला होता. या वेळी नियम त्या बायकांच्या बाजूला होता, कारण ताब्यात येण्याआधी केलेली विक्री ही विक्रीच नव्हे, आणि ते फक्त मला माहीत होतं. गुरुवारची पोचपावती कारखान्याच्या दप्तरात पडली होती, तिकडे कोण बघायला जाणार?

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "सांगितलंस तर तुझं कॉन्ट्रॅक्ट जाणार. नाही सांगितलंस तर कोणाला कळतंय?" मग आमटी वाढून घेत म्हणाला, "पण मला कशाला विचारतेस? तू रडून मोकळी झालीयेस, म्हणजे तुझं ठरलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी विभागप्रमुखांना मीटिंगच्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं. फुल्या, कोऱ्या तारखा, सोमवार, गुरुवार. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, "शिमात्सुशो लिहा." म्हणजे आपली चूक कशी झाली, याची आपल्याच हातानं लिहिलेली कबुली. मी लिहिली. त्यांनी लाल पेन्सिलीनं माझ्या जपानी व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्या आणि पुन्हा लिहायला सांगितली. तीनदा. अपराधाची कबुलीसुद्धा शुद्ध हवी! तिसऱ्या वेळी त्यांनी खाली आपलाही शिक्का मारला, कारण तारखा न तपासता मंजुरी त्यांनी दिली होती.

पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. विक्री झालीच नव्हती असं ठरलं आणि नुकसान कंपनीनं सोसलं. कारखान्याला चार नव्या यंत्रांची ऑर्डर गेली. माझा करार गेला नाही. आपण होऊन सांगितलं, हे माझ्या खात्यात जमा धरलं गेलं आणि मार्चमध्ये मी कायम होणार असं कळलं. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? त्याच आठवड्यात चाचांचं पत्र आलं. त्यांनी दाखला मागे घेतला होता आणि सल्लागारपदही सोडलं होतं.

मी त्याच शनिवारी कोबेला गेले. चाचा दुकानात मसूर तोलत होते. मला स्टूल दिलं, चहा दिला. मी सारखी तेच म्हणत होते, "चाचा, चूक माझी होती. तुम्ही कशाला सोडलंत? तुम्ही विचारलं होतंत, मी खोटं बोलले."

"खोटं बोललीस ते मी तेव्हाच माफ केलं," ते म्हणाले. "पण मी विचारलं ते कसं विचारलं? चार वर्षं झाली, तोच प्रश्न, तसाच. उत्तर काय येणार ते मला माहीत. बंदर इथून वीस-पंचवीस मैलांवर, एकदा जाऊन यंत्राला हात लावला असता तर? मी कागद बघून मान हलवत होतो गो. असला सल्लागार काय कामाचा?"

मला इतकं रडू आलं की दुकानात आलेली एक बाई बिस्किटांचा पुडा ठेवून तशीच बाहेर गेली. चाचांनी मला रडू दिलं. मग पदर नसलेल्या बाईनं डोळे कशानं पुसावेत म्हणून टिश्यूचा डबा पुढं सरकवला आणि विचारलं, "वादळात ती यंत्रं कोणाची होती?"

"आमची."

"ते त्या बायकांना कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. कंपनीनं त्यांना दोन ओळींचं पत्र पाठवलं होतं, तांत्रिक कारणांमुळे विलंब होत आहे, क्षमस्व. ते पत्रही मीच लिहिलं होतं.

"लाव फोन," चाचा म्हणाले.

तिथं तेव्हा सकाळ होती. सचिवबाई शाळेत शिकलेलं स्वच्छ इंग्रजी बोलत. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. तारखा मी घातल्या, त्या चुकीच्या होत्या, यंत्रं बुडाली तेव्हा ती आमची होती, तुमचा एक पैसाही गेलेला नाही आणि जाणार नाही, माझ्यामुळे तुमच्यावर हे येणार होतं, मला माफ करा. चाचा मसुराची पिशवी तशीच हातात धरून उभे होते.

सचिवबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. बर्फ कधी येणार?"

मी म्हणाले, "यंत्रं दोन महिन्यांत तयार होतील. जहाज धरून तीन."

"तीन," त्या म्हणाल्या. "म्हणजे हा उन्हाळा पूर्ण गेला." त्या मागे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडल्या आणि तो गलका एकदम थांबला. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, तिनं काहीतरी विचारलं. मी विचारलं, त्या काय म्हणतायत?

"ती विचारतेय, आजची टोपली किती वाजेपर्यंत धरून ठेवायची," सचिवबाई म्हणाल्या. "मी तिला सांगितलं, धरू नको, मिळेल त्या भावात विकून टाक."