टाकांच्या ओळीतला डॉलर

चिनी सराफांचे ठसे असलेली चांदीची नाणी मी बरीच वर्षं गोळा करतो आहे. पूर्वी चीनमध्ये परदेशी नाणं हाती आलं की सराफ चांदी तपासायचा आणि खरी निघाली की त्यावर आपला बारीक ठसा ठोकायचा. शिरूरच्या बाजारात आता दाखवतात ती बहुतेक नकली. गावोगाव मोटरसायकल न्यायची, लोकांच्या डब्यांत डोकवायचं आणि चहा पिऊन परतायचं, याचा शीण आता जाणवतो.

खुटबावच्या ओळखीच्या मामांचा फोन आला. मुलाचं लग्न ठरलं होतं. देवघरातले झिजलेले टाक, म्हणजे देवांचे चांदीचे पत्रे, आटवून नवे करायचे होते. त्याआधी एकदा बघून जा, म्हणाले.

गेलो, तर देवघरात टाकांच्या ओळीत तो होता. पूर्वेच्या व्यापारासाठी मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला डॉलर. त्यावर त्रिशूळ घेतलेली बाई उभी असते. मामांचे आजोबा गोदीत हमाल होते. त्यांनी तो आणला आणि त्रिशूळ बघून घराने देवी म्हणून पुजला. चिंचेने घासून घासून बाईचा चेहरा गेला होता. दोन चिनी ठसे शाबूत होते.

मी म्हटलं, "याच्या दुप्पट चांदी देतो. तिचे टाक करा. हा मला द्या."

मामांनी मामींकडे पाहिलं.

"देवाची चांदी देवातच जाती," मामी म्हणाल्या.

"मामी, ही देवी नाही. इंग्रजांनी स्वतःच्या देशाचं चित्र बाईच्या रूपात काढलंय."

"ठावं हाय. सासूबाईंना एका मास्तरानं सांगितलं व्हतं. तवापासनं हिला गोडाचाच निवद. इंग्रजाला तिखट सोसत न्हाई."

"घ्या. आता बोला, पाव्हणं," मामा म्हणाले.

निदान फोटो तरी काढू द्या, असं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दौंडच्या सोनाराकडे मीही गेलो. मामींनी फोटो काढू दिले. सोनाराने कसोटीवर घासून चांदी चांगली असल्याचं सांगितलं आणि नाणं इतर टाकांबरोबर मुशीत टाकलं. नाण्याची कड आधी ढिली पडली. मग कुठलं नाणं आणि कुठला टाक ते कळेनासं झालं. मामींनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. सोनार भाता मारत होता, धूर डोळ्यांत जात होता, म्हणून मी बाहेर पायरीवर येऊन बसलो.