फोरमनकाकांचा फुकटातला ब्लॉग

आमच्या खालच्या मजल्यावरच्या फोरमनकाकांइतका मोठ्याने बोलणारा माणूस अख्ख्या सिल्वासात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असणार. काकांची उभी हयात सुताच्या कारखान्यात गेली. तिथल्या हॉलमध्ये रांगेने मशीन चालतात आणि शेजारच्याने कानाशी तोंड आणलं तरी काय म्हणतोय ते कळत नाही. काका निवृत्त झाले, हॉल सुटला, आवाज तेवढा घरी आला. ‘आज मीठ कमी आहे’ हे ते काकूंना अशा रीतीने सांगत की वरच्या मजल्यावर मी माझी आमटी चाखून बघायची. कुणाची गुप्त गोष्ट सांगायची झाली तर मला जिन्याखाली नेऊन, इकडेतिकडे बघून, कुजबुजत सांगायचे, आणि संध्याकाळी वॉचमन मला विचारायचा, "मॅडम, वो बात सच है क्या?" माझं काम घरी बसून, कॉम्प्युटरवर वेबसाइट बनवायचं. माझ्या नाशिकच्या साहेबांची फोनवर ऐकून कितीतरी दिवस समजूत होती की माझ्या घरात सतत भांडणं चालतात. खरं सांगते, सुरुवातीला मला या माणसाचा अगदी मनापासून राग यायचा.

काका मूळचे शिरपूरकडचे. सिल्वासाजवळच्या नरोलीत, भाड्याच्या खोल्यांमध्ये खानदेशातून नवी पोरं आली रे आली की काका स्कूटर काढून तिथे हजर. खोली घ्यायच्या आधी पाणी किती वाजता येतं ते विचार, हॉलमध्ये शर्ट खोचून जा, हातातलं कडं काढून ठेव. कुणी विचारलेलं नसायचं, पण म्हणून सांगायचं थांबतील तर ते काका कसले! अशात एकदा त्यांचा आवाज बसला. गणपतीत ओरडून बसला असेल म्हणून सगळ्यांनी हळद-दूध सुचवलं. दोन महिने झाले तरी तो सुटेना, तेव्हा सुरतच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका माझ्या दारात. आता हे रडले तर मी काय करू, असं मला झालं. तर म्हणतात कसे, "पोरी, ते ब्लॉग का काय असतं, ते मले करी दे. मला जेवढं माहीत आहे तेवढं सगळं त्यात टाकायचं आहे, पोरांसाठी. पन त्याला एक पैसा लागायला नको."

"पैशाचं एवढं काय काका, थोडेसेच लागतात वर्षाला."

"आन उद्या मी नसलो, कोनी भरले नाही, तर ते बंद पडंल ना? मंग पोरांनी कुठं बघायचं?"

मी त्यांना आत घेतलं आणि कॉम्प्युटर उघडला.

फुकटात काय काय मिळतं हे मला पोटापाण्याच्या धंद्यामुळे माहीत होतं. ब्लॉगसाठी इंटरनेटवर जागा फुकट मिळाली. पत्ता हातभर लांब होता, पण काकांना तो भारदस्त वाटला. सजावटीचे फुकट नमुने बघितले तर सगळे लग्नाचे, बारशाचे नाहीतर केकचे. काकांनी गुलाबाच्या वेलीचा निवडला. मग फोटो. फुकट फोटोंच्या साइटवर ‘सूत’ म्हणून शोधलं की लोकरीचा गुंडा येतो आणि त्याच्याशी खेळणारं मांजराचं पिल्लू येतं. ‘कामगार’ शोधलं तर पिवळी टोपी घातलेला एक गोरा माणूस आला, दात काढून हसणारा. काकांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "हा कामावरचा नाही. ड्यूटीवर कोन एवढं हासतं?" त्यांनी मांजर ठेवलं. त्यामुळे ‘दोरा भरताना बोटं कुठे ठेवावीत’ या गंभीर लेखाच्या माथ्यावर, गुलाबाच्या वेलीखाली, निळ्या डोळ्यांचं मांजर येऊन बसलं, आणि नरोलीत तो ‘मांजरवाला ब्लॉग’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. लेखाचं नावही आधी भलतंच होतं, ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’. मी वैतागले. म्हटलं, "काका, असं कोण शोधणार आहे? नवीन पोरगा फोनला जे विचारेल ना, तेच नाव द्या." पुढच्या लेखाला काकांनी नाव दिलं, ‘पहिल्या दिवशी हॉलमध्ये भीती वाटते, काय करू?’ त्यानंतर मी त्यांना नावांबद्दल काही शिकवलं नाही.

जाहिरातही फुकटच. फोनने वाचायचं ते ठिपक्यांचं चौकोनी कोड मी करून दिलं. झेरॉक्सवाला काकांच्या हॉलमधला जुना माणूस, त्याने गठ्ठाभर प्रती काढून दिल्या. काकांनी त्या चहाच्या टपरीवर चिकटवल्या, न्हाव्याच्या आरशावर चिकटवल्या, स्वतःच्या स्कूटरच्या पाठीवर चिकटवल्या आणि कामगारांच्या खानावळीत जाऊन डब्यांच्या झाकणांवरही चिकटवल्या. खानावळीची बेन कळवळून म्हणाली, "काका, डब्बो धोईए तो कागळ नीकळी जाय छे!" काका म्हणाले, "काही हरकत नाही, मी रोज नवा लावतो." आणि खरंच रोज जायचे. किती जणांनी ब्लॉग बघितला त्याचा आकडा सकाळी जिन्यातून, उरल्यासुरल्या आवाजात, माझ्यापर्यंत यायचा, "पोरी, सत्तावीस!" मी वरून सांगायची, "त्यातले वीस तुम्हीच आहात. तुम्ही उघडलं तरी आकडा वाढतो."

"मंग? मी काय वाचक नाही?"

काकांना टाइप करता येत नव्हतं, म्हणून बोललेलं लिहून घेणारी फुकटची सोय मी त्यांच्या फोनमध्ये लावून दिली. पहिल्या दिवशी ते घसा खरवडून असे काही ओरडले की फोनने एक अक्षर लिहिलं नाही. मी म्हटलं, "हळू बोला काका, त्याला हळू बोललेलंच कळतं." आणि काका हळू बोलले. शब्द खरखरीत होते, मधेच तुटत होते, पण हळू. पलीकडे काकू वालपापडी सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. मग रोज दुपारी काका फोन घेऊन बसले की काकू शेजारी येऊन बसायला लागल्या, सोलायला काही नसलं तरी. एकदा काका खोलीभाड्याबद्दल सांगत होते आणि मधेच काकू म्हणाल्या, "इतकं हळू बोलता येत होतं, तर माझ्याशी का नाही कधी बोलले असे?" फोनने काकूंचं वाक्यही इमानदारीत लिहून टाकलं होतं. मी ते पुसायला हात पुढे केला तर काकांनी माझा हात बाजूला सारला. ते वाक्य खोलीभाड्याच्या लेखात अजून तसंच आहे.

काकांनी चाळीस गोष्टींची यादी केली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत एकोणचाळीस झाल्या. एक राहिली, तिच्यापुढे यादीत नुसतं ‘हात’ असं लिहिलेलं होतं, आणि काका ती रोज उद्यावर ढकलत आले होते. त्या दुपारी मी म्हटलं, "एवढीच राहिली, बोलून टाका ना." त्यांनी फोन तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. "नही जमनार पोरी." मला संताप आला. इतके दिवस जगाला नको तेवढं ऐकवणारा हा माणूस आज, शेवटच्या दिवशी, हटून बसतो म्हणजे काय! "मग राहू द्या," असं फटकन म्हणून मी वर निघून आले. त्यांच्या आवाजातलं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. याची टोचणी मला आजही आहे, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

ऑपरेशन नीट झालं. काका गळ्यावर पांढरा रुमाल बांधून घरी आले. बिल्डिंग गप्प झाली. नाशिकच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "काय, शेजारी बदलले वाटतं?" मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि भिंतीला टेकून रडले.

पंधरा-वीस दिवसांनी ब्लॉगवर एक नवा लेख आला. काकांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधून लिहिलेला. मी तो जसाच्या तसा देते. "चोपड्याचा पोरगा होता. नवा होता. त्याचा हात रोलरजवळ गेला. मी लांबून ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही. दोन बोटं गेली. तेव्हापासून मी जोरात बोलत आलो. घरीपण. पण हॉलमध्ये किती ओरडलं तरी पोचत नाही. तिथे हाताने बोलतात. मी त्याला ते पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे होतं. मी उद्या शिकवू म्हटलं. तुम्ही या खुणा आधी शिका, मग मशीनला हात लावा."

खाली फोटो होते. या वेळी मांजर नव्हतं. काकांचे स्वतःचे हात होते, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी धरलेले, काकूंनी काढलेले, एकात कडेला कुकरसुद्धा आलेला. आडवा तळवा म्हणजे मशीन बंद कर. वर केलेली दोन बोटं म्हणजे दोरा तुटला. छातीवर मूठ म्हणजे मागे हो. तो लेख नरोलीतून आसपासच्या गावांत, खेरडीला गेला, रांध्याला गेला, ग्रुपाग्रुपांतून फिरला. खाली कुणा अनोळखी पोराने लिहिलं, "काका, आमच्या लाइनवर सगळ्यांनी शिकून घेतलं." काकांनी ते मला दाखवलं, आणि मी वाचेपर्यंत ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

आता सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालते तेव्हा काका पुष्कळदा खाली अंगणात उभे असतात. काहीतरी सांगायचं असतं, कधी ब्लॉगचं, कधी पाणी आल्याचं. हाक मारता येत नाही आणि टाळ्या वाजवून बोलावणं त्यांना बरं वाटत नाही. म्हणून मी बघेपर्यंत ते मान वर करून उभे राहतात. जन्मात बोलण्यासाठी कधी कुणाची वाट न बघितलेला हा माणूस! एकदा मी फोनवर अडकले होते, बऱ्याच वेळाने गॅलरीत आले, तर काका आपले उन्हात उभेच. त्या दिवसापासून मी काम करता करता मधेच उठते आणि उगाचच खाली डोकावून येते.