शिंगवाल्या मेंढीची शाळा

हॅना टॅलेंटायर ससे धरायची आणि लोकांच्या कोठारातले उंदीर मारून द्यायची. बाईमाणसानं असलं काम करावं म्हणून उत्तर इंग्लंडातल्या वेअर नदीच्या खोऱ्यात सुरुवातीला हसणारे पुष्कळ होते. पण तिचा नवरा खाणीतली धूळ छातीत घेऊन गेला, आणि त्याच्यामागं त्याची कुत्री, जाळी आणि फेरेटची पेटी एवढंच घरात राहिलं. रडून झाल्यावर हॅनानं त्याचे बूट चढवले. पुढे मोजे कोंबले की ते तिला बरोबर बसत.

दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती तरी मटण रेशनवरच होतं, त्यामुळे सशाला मान होता. अकरा शेतांवर तिला मोकळीक होती. कुणी कागद लिहून दिलेला नव्हता, नुसता शब्द. सकाळी ती निघाली की पुढे पिप, कान फाटलेला छोटा टेरिअर. तो बिळाशी थबकला आणि शेपटी ताठ केली की आत ससा आहे असं समजायचं. मग हॅना बिळांच्या तोंडांवर जाळी पसरायची आणि मुंगसासारखं लांबुळकं फेरेट ससे बाहेर हुसकायला आत सोडायची. जाळं चुकवून जो ससा सुटे तो लिनेटचा.

लिनेट तिची लर्चर, शिकारीची संकरित कुत्री. बाप शर्यतीचा ग्रेहाउंड, आई मेंढ्या वळणारी कॉली. उंच, राखाडी, हाडकुळी, धुराची केली असावी अशी कुत्री. पळणारा ससा ती असा उचलून आणायची की हातात येईतो त्याचं काळीज धडधडत असे आणि कातडीवर दाताचा ओरखडा नसे.

अशी कुत्री घडवायची हॅनाची एक रीत होती, नवऱ्याकडून आलेली. पिल्लू चार महिन्यांचं झालं की नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या कुंपणात त्याला सोडायचं. मेंढी निवडायची ती शिंगवाली आणि तापट. कोकराला हुंगायला गेलं की ती असा दणका देते, की पुढे जन्मभर ते कुत्रं मेंढीकडे तिरप्या डोळ्यानंसुद्धा बघत नाही.

कथबर्ट रेन या रीतीला हसायचा. खोऱ्यातला मोठा मेंढपाळ, साठीचा, बायको नाही, मूल नाही. हॅना आणि तो लहानपणी एकाच चॅपेलच्या रविवारच्या शाळेत शिकलेले, म्हणून अरेतुरे.

"मेंढीनं कुत्र्याला शिकवायचं? उद्या उंदराकडून मांजराला शिकव!"

"शिकवीन. तुझ्या मॉसलाही पाठव."

"माझा मॉस? अगं, तो मेंढ्यांना नावानं ओळखतो!"

ते खोटं नव्हतं. रेनचा काळापांढरा कुत्रा मॉस शीळ ऐकून दोनशे मेंढ्या अरुंद फाटकातून दोऱ्यासारख्या ओवायचा. रेन एकटा जेवायचा, आणि ताटातला शेवटचा घास मॉसचा असायचा.

त्या वर्षी एप्रिलात, कोकरं जन्मण्याच्या दिवसांत, ओढ्यालगतच्या कुरणांत कोकरं मरू लागली. कुशी फाडलेल्या, खाल्लं काहीच नाही. आठवड्यात पाच गेली. कुणीतरी धुक्यात एक लांब कुत्रं पळताना पाहिलं. लांब म्हणजे लर्चर, आणि लर्चर म्हणजे हॅनाची. याला साक्षीपुरावा कोण मागतो?

मंगळवारी सकाळी रेन बंदूक घेऊनच दारात आला. कोकरांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालायची आणि मालकानं हूं की चूं करायचं नाही, हा खोऱ्याचा कायदा. असं एकदा झालं की अकराही शेतांची फाटकं हॅनाला बंद होणार, हेही तितकंच खरं.

"हॅना, कुत्री बाहेर काढ."

"माझी लिनेट ससासुद्धा जिवंत आणते, कथबर्ट. ती कोकराची कूस फाडेल?"

"तुझ्यादेखत आणते. पाठीमागं काय करते ते तुला काय ठाऊक?"

हॅना लिनेटकडे बघू लागली. एक गोष्ट तिलाच माहीत होती. सोमवारी पहाटे दाराची कडी निसटली होती. तासभर लिनेट घरात नव्हती आणि आली ती पोटापर्यंत भिजून. हॅनानं तिचं तोंड उघडून पाहिलं होतं. दात स्वच्छ होते. पण ओढ्यातून आलेल्या तोंडावर काय राहणार?

तिनं लिनेटच्या गळ्यात दोरी बांधली आणि दोरीचं टोक रेनच्या हातात दिलं.

"घेऊन जा. तुझ्या दगडी कोठीत कोंड, कुलूप तुझं, किल्ली तुझी. शनिवारपर्यंत एकही कोकरू मेलं नाही, तर मारणारी हीच. मग तुला यावं लागणार नाही, मीच येऊन गोळी घालीन. पण ती आत असताना मेलं, तर मारणारा दुसरा आहे."

रेननं दोरी मुठीभोवती गुंडाळली. "आणि हीच निघाली तर?"

"बोलले ना एकदा."

शेजारची एल्सी पिअर्ट धावत आली. "वेडी का खुळी तू? आपल्या हातानं कसायाच्या दारात नेऊन बांधलीस!"

"कसाई नाही गं तो. त्याची कोकरं मेलीत."

तीन दिवस हॅना कामाला गेली नाही. पिप दाराशी नाक लावून पडून राही. संध्याकाळी ती प्रार्थनेला बसली की ओठावर यायचं, माझी कुत्री वाचव. पण ते मागताना दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यावर संकट घाल असंच आपण देवाला सांगतोय, हे तिला कळायचं आणि ती थांबायची. शेवटी ती एवढंच म्हणायची, "प्रभू, खरं काय ते दिसू दे, आणि दिसेल ते सोसायचं बळ दे."

बुधवार कोरा गेला. गुरुवारही. एल्सी तिच्याशी नजर मिळवेना.

शुक्रवारी उजाडल्यावर गडग्याच्या कडेनं रेन येताना दिसला. एका हातात लिनेटची दोरी, दुसऱ्या खांद्याला बंदूक. शनिवार उजाडायचा होता, मग हा आजच का आला? पण तो जवळ आला आणि तिनं त्याचा चेहरा पाहिला. असा चेहरा तिनं आरशात एकदाच पाहिला होता, नवरा गेला त्या सकाळी.

लिनेटनं हॅनाच्या मांडीत डोकं खुपसलं. रेन उंबऱ्यावरच बसला.

"एल्सीच्या कुरणात दोन मेली पहाटे. कोठीला कुलूप होतं. कुलूप काढायला गेलो तर मॉस दारात. भिजलेला. शेपटी हलवत होता, रोज हलवतो तशी. मनात काय आलं कोण जाणे, ओठ वर करून पाहिला. दाढेत लोकर होती गं, रक्ताची." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कुंपणानंच शेत खाल्लं, हॅना. आणि मी तुझ्या दारात बंदूक घेऊन आलो होतो."

हॅनाला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. तिनं चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला.

"कायदा सगळ्यांना सारखा," तो म्हणाला. "दोनदा नेम धरला. तो बसून माझ्याकडे बघतो, शीळ कधी घालतोय म्हणून. माझ्याच्यानं होत नाही."

त्यानं मागितलं नाही. हॅनानंच बंदुकीकडे हात केला.

"तू इथंच बस. लिनेटला धर."

जाताना तिनं पावाचा जाड तुकडा घेतला आणि त्याला चरबी लावली, रेन लावायचा तशी. रेनच्या अंगणात बांधलेला मॉस तिला ओळखत होता. गडग्याच्या आडोशाला, जिथून घर दिसत नाही, तिथं त्यानं तिच्या हातचा पाव खाल्ला आणि बोटं चाटली. "चांगला होतास रे," ती म्हणाली. ते खरंच होतं. दोनशे मेंढ्या वळणारं आणि कोकरं फाडणारं कुत्रं एकच कसं असतं, हे तिला कधी उमगलं नाही आणि देवाला विचारायचं धाडसही झालं नाही.

आवाज झाला तेव्हा रेन लिनेटच्या मानेत तोंड खुपसून बसला होता, असं शेजारच्या दारातून पाहणाऱ्या एल्सीनं नंतर सांगितलं. हॅनानं स्वतः कधीच काही सांगितलं नाही. रविवारी चॅपेलात लोक माना वळवून रेनकडे बघू लागले, तेव्हा ती आपली जागा सोडून त्याच्या बाकावर जाऊन बसली आणि त्याच्याच स्तोत्रांच्या पुस्तकात बघून गायली.

वर्षभर रेननं कुत्रं पाळलं नाही. मेंढ्या स्वतः ओरडून वळायचा आणि घसा बसवून घ्यायचा. पुढच्या एप्रिलात तो एके सकाळी हॅनाला बोलवायला आला. त्याच्या काखेतून काळंपांढरं डोकं बाहेर आलेलं.

"चार महिन्यांचं झालंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माझ्याकडची सगळ्यात खाष्ट मेंढी काल व्याली."

"शिंगं आहेत ना तिला?"

"मला विचार. बरगडी अजून दुखतेय."

हॅना हसली आणि तिनं बूट चढवले.

कुंपणात सोडल्यावर पिल्लू शेपटी हलवत कोकराजवळ गेलं. मेंढीनं खूर आपटला आणि डोकं खाली घातलं. एका धडकेत पिल्लू गवतात दोन कोलांट्या खाऊन केकाटलं. रेन कुंपण ओलांडायला निघाला, तशी हॅनानं त्याची बाही धरली.

"लागलं असेल गं त्याला!"

"लागू दे," ती म्हणाली, पण बाही तिनं सोडली नाही. "आत्ता लागलेलं बरं."