छत्रीपुढचा दोडका

माझे सासरे टीव्हीशी भांडायचे. मी त्यांना मामाजी म्हणायचे, तेही मनात. तोंडावर कधी हाक मारली नाही. सुनेनं सासऱ्याशी सरळ बोलायची आमच्यात पद्धत नाही. चहा झाला की मी भिंतीकडे बघून म्हणायचे, चहा ठेवला म्हणावं. ते अंगणाकडे बघून म्हणायचे, आण म्हणावं. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी असंच चाललं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी तशीही कमी बोलणारी. चौथीपर्यंत शिकले, तिथेही उत्तर येत असून गप्प उभी राहायचे.

आमचं गाव चांदूर रेल्वेच्या जवळ आहे. थोडा मळा आहे, त्यात झेंडू, शेवंती, वांगी, दोडके. माझे मालक पहाटेच माल घेऊन अमरावतीला जातात आणि दुपार टळल्यावर येतात. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. म्हणजे दिवसभर घरात मी आणि मामाजी, आणि मध्ये ती भिंत.

संध्याकाळी सरकारी च्यानलवर शेतीचा कार्यक्रम लागायचा. त्यात एक बाई भाजीपाल्याचे भाव वाचायची. मामाजी बाजेवर मांडी घालून तिला उत्तर द्यायचे. "कोन्या बाजारात हाय हा भाव? दाखव मले. येतो टोपली घेऊन." तिनं पाऊस येणार म्हटलं की म्हणायचे, "तुह्या घरी येईन तो." मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकायचे आणि पदर तोंडाला लावून हसायचे. आमच्या घरात मोठ्यानं होणारं बोलणं तेवढंच होतं.

टीव्ही अँटेनावर चालायचा. अंगणातून एक लोखंडी पाईप भिंतीला धरून स्लॅबच्या वर गेला होता, त्याच्या टोकाला अँटेना. गावात घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या तरी आमच्याकडे तेच होतं. मामाजींचं म्हणणं, एक कार्यक्रम पाहायचा त्याला शंभर च्यानल कशाला. चित्रात मुंग्या असायच्या, वाऱ्यानं बाईचं डोकं वाकडं व्हायचं, पण आवाज यायचा. मुंग्यांतूनही भाव ऐकू यायचे.

त्या पाईपच्या बुडाशी मी दर वर्षी दोडक्याचं बी लावायचे. माळ्याच्या घरात उभी काठी रिकामी ठेवत नाहीत. वेल पाईप धरून वर जायचा, स्लॅबवर ताणलेल्या दोऱ्यांवर पसरायचा, अँटेनाच्या काड्यांनाही धरायचा. त्यानं टीव्हीला कधी काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जे केलं ते यामुळेच.

दसऱ्याचा झेंडू तोडणं चालू होतं तेव्हा मामाजी वाफ्यात बसले ते त्यांना उठताच आलं नाही. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. अकोल्याला जठारपेठेत दीर राहतात म्हणून तिकडच्या दवाखान्यात नेलं. महिन्याभरानं घरी आणताना डॉक्टरांनी मालकांना सांगितलं की यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. ज्या बोलण्याची सवय होती ते होऊ द्या. बोलत राहिले तर थोडं परत येईल. गप्प बसले तर आहे तेही जाईल.

भेटायला येणारे त्यांच्या कानाशी ओरडायचे, मले वयखलं का. मामाजी तोंड फिरवायचे. मालक रोज समोर बसून म्हणायचे, बाबा, म्हणा पाणी. ते मालकांकडे बघायचे, ओठ हलायचे आणि मग डोळे भरायचे. बापाला बाराखडी शिकवावी तसं ते होतं. दोघांनाही सोसत नव्हतं.

एका संध्याकाळी बाईनं टमाट्याचा भाव सांगितला आणि बाजेवरून आवाज आला, "खो." मी पिठाच्या हातानं बाहेर आले. त्यांची मान ताठ झाली होती. पुन्हा म्हणाले, "खोटं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

मार्गशीर्षापर्यंत पाच-सहा शब्द झाले. खोटं, कुठं, आण, नाही, टोपली. सगळे त्या बाईशी. आमच्याशी एकही नाही. टीव्हीतली बाई त्यांची परीक्षा घेत नव्हती म्हणून असेल.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या. बाई नाही, आवाज नाही, नुसती सरसर. मला वाटलं अँटेना फिरली. मी वर गेले आणि पाईप फिरवला. अमरावतीकडे, अकोल्याकडे, मध्येच. त्या पावसाळ्यातला वाळलेला वेल कडकड तुटून अंगावर पडला. आतून मामाजींचा आवाज यायचा, नाही. पुन्हा फिरवलं की, नाही. आठवडाभर मी रोज हेच करत होते. अँटेना नीट बसवता येत नाही, आपलाच हात वाईट, असं वाटायचं. अमरावतीच्या बाजारात कोणी तरी मालकांना सांगितलं, "टॉवरच बंद झाला हाय, दादा. कितीबी फिरवा." आता सगळं नव्या पद्धतीनं येतं, जुन्या अँटेनाचं काम संपलं. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. टीव्हीवर सांगितलंही असेल, पण आम्ही भावांपलीकडे पाहतच नव्हतो.

फाल्गुनात दिरांनी अकोल्याहून छत्री आणि टीव्हीला जोडायचा डबा आणला. चांदूरचा एक मेकॅनिक आला, सगळे त्याला छत्रीवालाच म्हणतात. त्यानं पाईपच्या शेजारीच स्लॅबच्या कोपऱ्यावर छत्री बसवली, हातातल्या यंत्राचा बीप ऐकत कणभर इकडे, कणभर तिकडे केली आणि नट आवळून टाकले. आता याला कोणी हात लावायचा नाही, म्हणाला.

मुंग्या गेल्या. बाई इतकी स्वच्छ दिसायला लागली की तिच्या गालावरचा तीळ दिसायचा. वैशाखात एका संध्याकाळी मामाजी पूर्ण म्हणाले, "येतो टोपली घेऊन." अडखळत, पण पूर्ण. मालक दारात उभे होते. ते मागे टाक्यावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

जुना पाईप तसाच उभा होता. मृगात मी त्याच्या बुडाशी दोडका लावला. न लावण्याचा विचारही मनात आला नाही.

श्रावणात चित्र फुटायला लागलं. आधी बाईचे चौकोन व्हायचे, मग आवाज तुटायचा, मग सगळं निळं आणि त्यावर अक्षरं, सिग्नल नाही. अँटेना होती तेव्हा बिघडलेलंही थोडं मिळायचं. याच्यात एक तर सगळं, नाही तर काहीच नाही. आणि त्याहून वाईट एक होतं. कधी कधी चित्र जागच्या जागी थांबायचं. बाईचं तोंड उघडं, ओठ अर्धे, शब्द आतच. मामाजींचंही तोंड तसंच उघडं राहायचं. ते तिच्याकडे पाहत राहायचे आणि मग डावा हात उचलून डोळ्यांवर धरायचे. पोळा येईपर्यंत त्यांनी कार्यक्रमाच्या वेळी भिंतीकडे कूस करायला सुरुवात केली.

मालकांनी छत्रीवाल्याला फोन लावला. तिकडून त्यानं काही विचारलं. मालकांनी फोन कानाला तसाच ठेवून मला विचारलं, "वर काही आडवं आलं का? झाड-गिड?"

मी म्हणाले, "नाही."

दोडका तेव्हा पूर्ण फुलोऱ्यावर होता. संध्याकाळी स्लॅब पिवळा व्हायचा. फुलोऱ्यातल्या वेलाला विळा लावायचा नाही, हे मला मामाजींनीच शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, भिंतीकडे बघून. आणि इतकी वर्षं याच पाईपवर वेल होता, अँटेनाला गुंडाळलेला होता, काही बिघडलं नव्हतं. पानाआडून माणसाचं बोलणं ऐकू येतं, मग याला काय होतं, असं मला वाटलं.

पोळ्यानंतर मालकांनी पुन्हा फोन केला. त्यानं पुन्हा तेच विचारलं, मालकांनी मला तेच विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हणाले. पहिल्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं. दुसऱ्या वेळी वाटत नव्हतं. त्याच्या दोन दिवस आधी मी स्लॅबवर दोडके तोडायला गेले होते आणि छत्री मला पानांत शोधावी लागली होती. पण मग पहिलं नाही खोटं होतं असं सांगावं लागलं असतं. मालक चिडले असते, एवढंच. तेवढंही मला झेपलं नाही.

छत्रीवाला दिवस सांगायचा आणि यायचा नाही. शेवटी भाद्रपदात आला तेव्हा मालक बाजारात होते. मी पदर पुढे ओढून त्याला जिना दाखवला. तो वर गेला आणि हसायलाच लागला. "वयनी, छत्रीले मांडव घातला काय तुमी? लगन हाय का तिचं?" त्यानं दोन्ही हातांनी पानं बाजूला केली. खालून लगेच टीव्हीचा आवाज आला. एवढंच होतं ते. यंत्रही काढावं लागलं नाही. उतरताना म्हणाला, "मी त दोनदा इचारलं दादाले."

तो गेल्यावर मी विळा आणला आणि वेल बुडातून कापला. फुलं, कळ्या, बोटाएवढे दोडके, सगळं ओढून खाली पाडलं. दुपारपर्यंत अंगणात त्याचा ढीग सुकून गेला.

मालकांनी आल्या आल्या विचारलं की वेल कुठे गेला. मी म्हणाले, मावा पडला होता, सगळा किडला. टीव्ही कसा सुरू झाला विचारलं तर म्हणाले, छत्री वाकडी बसवली होती म्हणे, सरळ केली. एरवी मला चार वाक्यं सुचत नाहीत. ही दोन तयारच होती. मालकांनी छत्रीवाल्याला शिव्या घातल्या.

त्या संध्याकाळी आम्ही मामाजींना उशा लावून टीव्हीपुढे बसवलं. चित्र काचेसारखं होतं. बाईनं भाव वाचले, वांग्याचे, टमाट्याचे, कोबीचे. मामाजी तिच्याकडे पाहत नव्हते. मालक म्हणाले, बाबा, पाहा वांग्याचा काय भाव सांगून राहिली. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. पंधरा दिवस आम्ही त्यांना तसं बसवत राहिलो. एकदा मालक मळ्यात असताना मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "मामाजी, खोटं बोलते ना ती?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जबडा हलला. आवाज आला नाही. मग त्यांनी डाव्या हातानं माझा पदर डोक्यावर नीट सरकवला, तो घसरला होता.

अकोल्याला पुन्हा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मध्ये आणखी एक लहान झटका येऊन गेला असेल, नक्की सांगता येत नाही. त्या बोलण्याला धरून राहायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पौषात मामाजी गेले. शेवटपर्यंत एकही शब्द नाही.

तेरवीला आलेल्या प्रत्येकाला मालकांनी सांगितलं की छत्रीवाल्यानं वाकडी छत्री बसवली आणि माझ्या बापाची वाचा नेली. मी पंगतीत वाढत होते, ऐकत होते. आमचं गाव लहान आहे. लोकांनी त्याला बोलावणं सोडलं. 

माघात तो समोरच्या घरी आला, बहुतेक ठरलेलं काम असेल. मालक त्या दिवशी घरीच होते. त्यांनी गल्लीत जाऊन त्याची गचांडी धरली. तो पोरासोरांचा बाप, धड प्रतिकारही करत नव्हता. मी काय केलं दादा, एवढंच म्हणत होता. चार माणसं जमली. मग त्याला मी दारात दिसले.

"वयनी, सांगा ना तुमी."

मी म्हणाले, "त्यायनं इचारलं होतं. छत्रीपुढं दोडका होता. मीच नाही म्हटलं."

मालकांनी गचांडी सोडली नाही, पण हात सैल झाला. "दोनदा इचारलं होतं मी तुले."

"दोनदाबी नाहीच म्हटलं."

छत्रीवाल्यानं शर्ट नीट केला, पिशवी उचलली आणि काम न करताच गेला. जमलेली माणसं माझ्याकडे न पाहता पांगली. मालक आत आले आणि मामाजींच्या बाजेवर बसले. मामाजी गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. मला वाटलं आता मारतील. त्यांनी मारलं नाही. 

मग म्हणाले, "आजारात बाबा माह्यासंगं एक शब्द नाही बोलला, मालूम हाय तुले? जो काही बोलला तो त्या बाईसंगं. मी दारात उभा राहून ऐकत जावो. मले तेवढंच भेटत होतं."

मी म्हणाले, "मालूम हाय."

ते उठून मळ्यात गेले. पाणी द्यायची पाळी आमची नव्हती तरी गेले.