उंदरांची पिल्ले, त्यांची मूत्रपिंडे आणि तुमची आई

काचपट्टीवरचे मूत्रपिंड किती सुंदर दिसते, हे कुणाला सांगावे? सूक्ष्मदर्शकाखाली फिकट गुलाबी अंगण पसरते आणि त्यावर जांभळे, गोल, घट्ट विणलेले गुच्छ उमलतात. रक्त गाळण्याचे सारे काम त्या इवल्या गुच्छांचे! बाळांनो, इथे हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत अशा पट्ट्या पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, पण कंटाळा कधी आला नाही.

निवृत्तीच्या सुमारास आमच्याकडे अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या, एका औषधाची तपासणी चालली होती. गाभण उंदरिणींना ते द्यायचे आणि त्यांच्या पिल्लांची मूत्रपिंडे पाहायची. कोणती पट्टी कोणत्या गटातली, हे पाहणाऱ्याला सांगत नसत. मनाने आधीच निकाल देऊ नये म्हणून. काही पट्ट्यांवर गुच्छ विरळ, आकसलेले दिसले. मागाहून कळले, त्या औषध दिलेल्या गटातल्याच होत्या.

नेमकी तेव्हाच तुमची आई, माझी वसुधा, गरोदर होती आणि फिटसाठी तेच औषध घेत होती. दिवसभर ते विरळ गुच्छ पाहावेत आणि जेवणानंतर लेकीला गोळी गिळताना पाहावे, हे कोणत्या आईला सोसेल?

“वसू, थोडे दिवस बंद ठेवली तर?”

ती हसली. “आई, तुझ्या उंदरिणींना फिट यायची का गं?”

“नाही. सगळ्या निरोगी होत्या.”

“मग त्यांना गोळी हवीच कशाला होती? मला हवी आहे. फिट येऊन जिन्यावरून पडले, तर बाळाचं काय? उगा फिकर नक्को करू. उद्या कोठी भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांकडे चल आणि त्यांनाच विचार.”

गोळीने काय होते, एवढेच आम्ही उंदरिणींना विचारले होते. गोळीवाचून काय होईल, हे विचारायचे राहूनच गेले होते! डॉक्टरांनी माझे सारे शांतपणे ऐकले. उंदरांना दिलेली मात्रा भारी असते, म्हणाले. तिथला निकाल जसाच्या तसा माणसाला लावू नये, पण हसण्यावारीही नेऊ नये. त्यांनी तिचे औषध बेताचे केले, सोनोग्राफी वाढवली आणि बजावले, “स्वतःच्या मनाने एकही गोळी चुकवायची नाही.” तिने चुकवली नाही, आणि फिट आली नाही.

मग सनिका, तू आलीस. नर्सने तुला मांडीवर ठेवले मात्र, माझी सुलतान बाजारातली नवी साडी ओली झाली. विहीणबाई “अगंबाई, साडी!” म्हणून धावल्या, मी जागची हलले नाही.

खाटेवरून तुमची आई क्षीण आवाजात म्हणाली, “काय मॅडम, निकाल काय?”

“चालताहेत गं,” मी म्हणाले. एवढी वर्षे मूत्रपिंडे पाहिली, पण चालते मूत्रपिंड इतके ऊबदार असते, हे मला त्या दुपारी कळले.